दाजींचं अर्धं गाऱ्हाणं

लिफ्टचं बटण एकदाच दाबून गप्प उभा राहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यात काय मोठं, असं तुम्हाला वाटेल. मग उद्या सकाळी कामावर जायला उशीर झालेला असताना करून बघा. मुलुंड पूर्वेला आमची सात मजली सोसायटी आहे. तिथे मी रोज ते बटण असं बडवतो, की जणू लिफ्ट वर कुठेतरी तर्र होऊन झोपली आहे आणि तिला उठवायची जबाबदारी माझ्यावर आहे.

दाजी घाडी एकदाच दाबायचे. मग दोन बोटं लिफ्टच्या दाराला लावून कपाळाला लावायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि बंद दाराकडे असे बघत राहायचे, की जणू आतून आता नवरी मुलगी पोह्यांच्या बश्या घेऊन येणार आहे. मी मागून हात घालून पुन्हा बटण दाबायला गेलो की माझं मनगट धरायचे.

"दाबलंय एकदा."

"पण येत नाहीये ना दाजी."

"तिला कळलंय. दुसऱ्या मजल्यावर कुणी म्हातारी पिशव्या घेऊन चढत असेल. तिला टाकून येऊ दे काय तुझ्यासाठी?"

हे ते अधिकाराने बोलायचे, कारण चाळीसेक वर्षं लिफ्ट मेकॅनिक होते. कांदिवलीपासून पवईपर्यंत कुठल्याही इमारतीचं नाव काढा, तिच्या लिफ्टचा स्वभाव दाजी सांगणार. ही तापट, ती लाजरी, सांताक्रूझची ती एक सासुरवाशीण, बोलत नाही पण आतून कुढते. निवृत्त झाल्यावरही खिशात टेस्टर आणि खडू असायचा. माणूस भेटला की 'कसे आहात' असं विचारायचे नाहीत. विचारायचे, "आवाज कुठे करतंय?" आणि गंमत म्हणजे लोक बरोबर सांगायचे. गुडघ्यात करतंय. सुनेशी करतंय.

ते पाचव्या मजल्यावर माझ्या समोरच्या दारात राहायचे. त्यांच्या पत्नी मालनकाकू, आणि त्या दोघांच्या मध्ये देव. म्हणजे देव्हाऱ्यात होताच, पण दाजी त्याच्याशी बोलायचे ते देव्हाऱ्यात मावेल अशा आवाजात नाही. त्यांचं घराणं कुडाळकडचं, आणि गावात पिढ्यान्‌पिढ्या गाऱ्हाणं घालण्याचा मान त्यांच्याकडे. ज्यांनी ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. नारळ देवापुढे ठेवायचा, उभं राहायचं आणि देवाला सगळ्या गावाच्या वतीने, खड्या आवाजात, आपलं जे काही चाललंय ते सांगायचं. आधी दुखणं सांगायचं, मग मागणं मागायचं. मागणं पुरं झालं की जमलेल्या सगळ्यांनी एका दमात म्हणायचं, "व्हय म्हाराजा." यात लाजायचं काम नाही. देवासमोर सभ्य आवाजात बोलणाऱ्या माणसाला खरंच काही हवंय यावर कोकणात कोणी विश्वास ठेवत नाही.

आमच्या सोसायटीत कोकणातली घरं चार. बाकी गुजराती, तमिळ, एक मंगळूरचं कुटुंब आणि सहाव्या मजल्यावर कांबळे सर. पण दाजींनी सत्यनारायणाला, झेंडावंदनाला, नव्या पंपाच्या उद्घाटनाला असं गाऱ्हाणं घालघालून अख्ख्या इमारतीला शिकवून टाकलं. दुसऱ्या मजल्यावरच्या सविताबेन तर असं ठेवून द्यायच्या 'व्हय म्हाराजा', की वाटावं ह्यांचं माहेर मालवणचं.

एकटे कांबळे सर अडायचे. सर गणिताचे शिक्षक, निवृत्त, बौद्ध. घरात सुंदर बुद्धमूर्ती आणि मनात कुठलीही गोष्ट पडताळून बघण्याची खोड. ते दाजींचे जिवलग मित्र होते, रोज संध्याकाळी गेटजवळच्या बाकावर दोघे भांडायचे. सर गाऱ्हाण्याला हजर राहायचे, सगळ्यांबरोबर तोंडही उघडायचे, पण म्हणायचे फक्त "होय." 'महाराजा' गाळायचे. मी एकदा खोडी काढायला विचारलं, तर सर म्हणाले, "मागणं रास्त असेल तर होय म्हणायला माझी हरकत नाही. कोणाकडे मागायचं हा दाजींचा प्रश्न." दाजींना हे कळलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, अर्धं तर अर्धं, सरांचं होय पक्कं असतं.

आता टाकीची गोष्ट. सत्यनारायणाची पूजा गच्चीवर, सगळी सोसायटी जमलेली, आणि दाजींनी सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, आमच्या सोसायटीचो पंप जळालो आसा, टाकीत पाणी नाय, टँकरवालो फोन उचलणा नाय..." आणि इथे उदबत्तीचा धूर त्यांच्या घशात गेला. आला खोकला. दाजी थांबले. आमच्या लोकांना थांबलं की म्हणायचं एवढंच ठाऊक. साठ माणसांनी आभाळ फाटेल अशा आवाजात देवाला सांगितलं, "व्हय म्हाराजा."

पुढे तीन दिवस टाकीत थेंब आला नाही.

दाजींनी देवाला दोष दिला नाही, आम्हाला दिला. म्हणाले, "तुम्ही होय म्हणालात. तो बिचारा काय समजणार? त्याला वाटलं, ह्यांना असंच आवडतं." त्या दिवसापासून नियम झाला, आणि तो सोसायटीच्या कुठल्याही ठरावापेक्षा कडक पाळला गेला. अर्ध्या गाऱ्हाण्याला होय म्हणायचं नाही. होय मागण्याला, दुखण्याला नाही. दाजी थांबले तरी आपण थांबायचं.

त्या तीन दिवसांत बादल्या वाहून माझे खांदे गेले होते. मी सोसायटीचा सेक्रेटरी, म्हणजे ज्या सभेला मी गैरहजर होतो त्या सभेत एकमताने निवडून आलेला माणूस. चिडून दाजींना म्हटलं, टाकी कोरडी, पंप जळालेला, लोक माझ्या दारात. त्यांनी माझ्या हातातली बादली घेतली आणि म्हणाले, "देव बरो आसा."

हे त्यांचं पालुपद होतं. देव चांगला आहे. लिफ्ट बंद पडली, देव बरो आसा. सोसायटीच्या पुनर्विकासाची फाइल तिसऱ्यांदा परत आली, देव बरो आसा. मला राग यायचा.

"अहो दाजी, टाकी कोरडी पडली म्हणतोय मी."

"टाकी कोरडी पडली ना? देवाक काय झाला?"



दाजींची आणखी एक हौस आमच्या गळ्यात पडली होती. त्यांच्या मते लाईट गेल्यावर लिफ्टमध्ये अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांना कंपनीचा माणूस ठाण्याहून येईपर्यंत लटकत ठेवणं हे पाप. म्हणून त्यांनी दोन माणसं तयार केली. मी आणि कांबळे सर. महिन्याच्या पहिल्या रविवारी गच्चीवरच्या मशीनरूममध्ये आमचा तास. आधी मेन स्विच बंद. मग मी ब्रेकचा दांडा धरायचा, सरांनी मोठं चाक हाताने फिरवायचं. लिफ्ट तिथून दिसत नाही. दिसतात फक्त जमिनीतल्या भोकातून खाली जाणारे पोलादी दोर, आणि दोरांवर प्रत्येक मजल्यासाठी रंगवलेला पिवळा पट्टा. पट्टा खुणेसमोर आला की समजायचं, खाली माणसं मजल्याला लागली.

पहिल्याच तासाला मी विचारलं, लाईट गेल्यावर लिफ्ट खाली पडत कशी नाही. दाजींना हा प्रश्न फार आवडला. त्यांनी ब्रेकवर हात ठेवला.

"सगळ्यांना वाटतं करंटने लिफ्ट धरलेली असते. उलटं आहे. करंट असतो तेव्हा ब्रेक सुटलेला असतो. ही स्प्रिंग सतत धरायलाच बघत असते, करंट तिला मागे ओढून ठेवतो. करंट गेला रे गेला, की ही धरते." मग सरांकडे बघून मिश्कील हसले. "सर, वाईट वेळ आली की देव सोडतो असं कोण म्हणतं?"

सर म्हणाले, "स्प्रिंगला देव म्हणताय तुम्ही."

"नाय. देवाक स्प्रिंग म्हणतंय."

मग लिफ्ट बंद असली की मालनकाकूंना जिना चढवेनासा झाला. काकू म्हणजे दाजींना जमिनीवर ठेवणारी बाई. ते गाऱ्हाण्यात रंगले की मागून त्यांचा आवाज यायचा, अवो, आमटी करपतली. त्या आधी अर्ध्या मजल्यावर बसू लागल्या, मग घरातल्या घरात. मोठ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली तेव्हा दाजी पुढे वाकून म्हणाले, "आवाज कुठे करतंय, डॉक्टर?" डॉक्टर चमकले. खरंच आवाजच होता. काळजाची एक झडप नीट मिटत नव्हती. दाजींना ते ऐकताक्षणी कळलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "डोअर लागत नाहीये रे. बदलावं लागेल."

ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली. एकदा काकूंना ताप आला, एकदा रक्तात काहीतरी कमी निघालं. वय, साखर, थकलेलं शरीर. डॉक्टरांनी हात वर केले नव्हते, पण खांद्यावरही ठेवला नव्हता. दाजी बटण एकदा दाबावं तसे तिसऱ्या तारखेची वाट बघत बसले. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. काकू आत पडलेल्या. दाजी रव्याचे लाडू डब्यात भरत होते. म्हणाले, नर्सना देऊ, बिचाऱ्या दिवसभर उभ्या असतात.

मी जन्माचा वाह्यात, पण त्या दिवशी तोंडातून सरळ प्रश्न गेला. "दाजी, आणि नाही झालं बरं तर?"

त्यांनी हातातला लाडू डब्यात नीट बसवला. मग दुसरा. "देव बरो आसा म्हणजे माझं काम होणार, असं मी कधी म्हटलंय तुला? ती दोन वेगळी आहेत. तो चांगला आहे हे मला ठाऊक आहे. तो काय करणार ते नाही ठाऊक." डब्याचं झाकण त्यांना लागेना. "नाही झालं तर रडेन. आणि मग म्हणेन, देव बरो आसा. आवाज निघेल की नाही, ते मात्र सांगता येत नाही."

झाकण मी लावून दिलं. मला तेवढंच जमण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला खाली गाडी उभी. अख्खी सोसायटी निरोपाला जिन्यात. काकूंना नवी साडी नेसवलेली, केसांत अबोली. त्या म्हणाल्या, ऑपरेशनला चाललंय की बारशाला. दाजींनी बटण दाबलं, एकदा. लिफ्ट आली. दारांना बोटं लावली, कपाळाला लावली. दोघे आत गेले. बाकीचे जिन्याने पळालो, खाली त्यांच्या आधी पोचायचं म्हणून.

मी चौथ्या मजल्यावर असताना लाईट गेली. रस्ता खणणाऱ्यांनी केबल तोडली होती, हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच कळलं, की लिफ्टचा आवाज थांबला. काकू आत, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये, आणि लिफ्टचं सगळं जाणणारा एकमेव माणूसही त्यांच्याबरोबर आत. लाईट गेल्यावर लिफ्ट आपोआप मजल्याला नेणारी बॅटरी बसवायचा विषय मी तीन सभांत पुढे ढकलला होता. 

"सर," मी ओरडलो. सर आधीच वर धावत होते. सत्तरीचा माणूस, एकेक पायरी गाळत. चढताना मला दाजींचा आवाज ऐकू आला. काकू विचारत होत्या, पडतली काय ओ? आणि दाजी सांगत होते, "करंट गेलो, मालनी. म्हणजे आता धरलेला आसा."

मशीनरूममध्ये मेन स्विच बंद केला. मी दांडा धरला, सरांनी चाक. दोरांच्या भोकातून खालचं सगळं स्पष्ट ऐकू येत होतं.

"वर कोण आहे?" दाजी.

"मी आणि कांबळे सर."

खालून मग दाजींचा आवाज, जरा बारीक. "म्हाराजा, सांभाळ रे." मग आम्हाला, "खाली नको आणूस. आम्ही दोघं हलके आहोत, दोराच्या दुसऱ्या टोकाचं वजन जड, वर सोपं जाईल. वर घे. वर घे."

"अवो," काकूंचा दमलेला आवाज आला, "इतक्या मोठ्यान 'वर घे' म्हणा नकात. तो आयकात."

जिन्यात हशा पिकला. मी दांडा धरून हसत होतो, सर चाक धरून हसत होते. पण काकूंना हसण्याने धाप लागली. ती धाप पाच मजले वर आमच्यापर्यंत आली आणि सगळे गप्प झाले. दाजी म्हणाले, थांबा, मी सांगेपर्यंत हलवू नका, तिला जरा बसू दे. आणि तिचा श्वास जाग्यावर यावा म्हणून, तिला सवयीचं काहीतरी ऐकू यावं म्हणून, त्यांनी गाऱ्हाणं धरलं.

"बा देवा म्हाराजा, आज ही तुझी मालन, हिच्या काळजाचा दार लागणा नाय. हिका आज हॉस्पिटलात नेतंय. वाटेत ही लिफ्ट अडकली आसा. आता तू हिका... तू हिका..."

आणि थांबले.

या वेळी धूर नव्हता, खोकला नव्हता. चाळीस वर्षं दुसऱ्यांसाठी मागणारा माणूस स्वतःच्या मागण्यापाशी येऊन अडकला होता. सात मजल्यांच्या जिन्यात माणसं उभी होती आणि एकानेही तोंड उघडलं नाही. नियम होता. दुखणं सांगून झालं होतं, मागणं झालं नव्हतं. या दुखण्याला होय म्हणायची कोणाची छाती होती?  मला मागणं ठाऊक होतं, सगळ्यांनाच होतं. 

कांबळे सर खाली वाकले. एक हात चाकावर ठेवून त्यांनी तोंड दोरांच्या भोकाशी नेलं आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा वर्गातल्या आवाजात म्हणाले,

"तिला बरी करून चालत घरी आण."

दाजींना तो आवाज वरून ऐकू गेला, बरोबर डोक्यावरून. त्यांना काय वाटलं असेल ते मी कधी विचारलं नाही. पण पुढच्या क्षणी सातही मजल्यांवरून 'व्हय म्हाराजा' उठलं. सविताबेनचा आवाज सगळ्यांत वर, आणि माझ्या शेजारून एक करकरीत, पक्कं 'होय'. सगळे थांबल्यावर लिफ्टच्या आतून, एकटाच, मागे पडलेला एक पातळ आवाज आला. "व्हय म्हाराजा." दाजी आयुष्यात पहिल्यांदा होय म्हणणाऱ्यांच्या बाजूने म्हणत होते.

मी सरांकडे बघत राहिलो.

"बघतोस काय," सर म्हणाले. "ब्रेक सोड."

पिवळा पट्टा इंचाइंचाने खुणेसमोर आला. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं. तिथून काकू प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, चार जणांच्या हातांवर, वरातीसारख्या खाली गेल्या. दाजी मागून लाडवांचा डबा घेऊन.

झडप बसली. मध्ये दोन दिवस वाईट गेले, तेव्हा दाजी हॉस्पिटलच्या बाकावर हात पाठीमागे बांधून बसायचे, आणि खरंच, त्यांचा आवाज निघत नव्हता. नुसते ओठ हलायचे. काय म्हणतायत ते मला ठाऊक होतं. अठराव्या दिवशी काकू घरी आल्या. गेटपासून लिफ्टपर्यंत चालत आल्या, एक पाऊल, थांबा, एक पाऊल.  लिफ्टच्या दारात त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "सरांनी चालत म्हटल्यानी. जिन्यान म्हणाक नाय." आणि आत जाऊन बसल्या. आत एक स्टूल ठेवलं होतं, आणि पुढच्याच महिन्यात लिफ्टला ती बॅटरीही बसली. त्या सभेत मी कोणालाही बोलू दिलं नाही.

पुढच्या वर्षी ते दोघे कुडाळला मुलीकडे राहायला गेले. काकूंना तिथे एकही जिना चढावा लागणार नव्हता. निघायच्या दिवशी सामान आधीच गेलं होतं. पाचव्या मजल्यावर मी आणि कांबळे सर. दाजींनी मलाच विचारलं, "काय सेक्रेटरी, आवाज कुठे करतंय?" मी घशाकडे बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली, हा दोष त्यांच्या ओळखीचा होता.

बटण दाबलं, एकदा. दोन बोटं दाराला, मग कपाळाला. काकूंनी गंमत म्हणून पुन्हा बटण दाबलं आणि दाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या. लिफ्ट आली. दोघे आत गेले, आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. दाजींनी हात जोडले, डोळे मिटले आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बा देवा म्हाराजा, ही माझी माणसा मी हय ठेवन जातंय, ह्यांका..."

दार बंद झालं. लिफ्ट खाली निघाली. आवाज चौथ्यावर येत होता, तिसऱ्यावर घुमल्यासारखा झाला, मग नुसती घरघर राहिली. पुढे त्यांनी आमच्यासाठी काय मागितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही.

"होय," कांबळे सर म्हणाले.

मी म्हटलं, "सर, अर्धवट होतं. नियम आहे ना."

सरांनी बंद दाराकडे पाहिलं. "पुढचं चांगलंच असणार," ते म्हणाले, आणि जिन्याने वर गेले.